एकाच पाण्यात एक मासा मरतो, दुसरा टिकतो. विषाणूचं हे गणित काय आहे?

रायगड-सिंधुदुर्गापासून गोवा, कारवार आणि पुढे कुंदापूरपर्यंतच्या खाड्यांत पिंजऱ्यातली मासेशेती आता नवी राहिलेली नाही. पिंजऱ्यात बहुतेक वेळा जिताडा असतो, गोव्याकडे त्यालाच चोणक म्हणतात. काही ठिकाणी कोबिया, म्हणजे आपला सकला किंवा गोव्याचा मोडसो असतो. कोणता मासा टाकायचा हे ठरवताना शेतकरी तीन गोष्टी पाहतो: बाजारात भाव काय, वाढ किती दिवसांत आणि बीज कुठे मिळतं. चौथा प्रश्न सहसा राहून जातो. या माशाला कोणता विषाणू लागतो आणि लागला तर किती मासे मरतात?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण विषाणूजन्य रोगावर माशाला देता येईल असं औषध जवळपास नाही. अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, विषाणूवर चालत नाही. एकदा पिंजऱ्यात मरतुक सुरू झाली की शेतकऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. जे काही करायचं ते जात निवडताना, बीज घेताना आणि पिंजरे मांडतानाच करावं लागतं.

लागण वेगळी, आजार वेगळा

‘हा मासा रोगाला बळी पडतो’ आणि ‘हा मासा काटक आहे’ असं आपण सहज बोलतो. पण यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे लागण: विषाणू माशाच्या शरीरात शिरतो आणि तिथे वाढतो. दुसरी म्हणजे आजार: त्या वाढीमुळे मासा खाणं सोडतो, वेडावाकडा पोहतो, मरतो.

काही जातींना लागणच होत नाही. काहींना लागण होते आणि आजारही होतो. आणि काही जातींना लागण होते, पण बाहेरून काहीच दिसत नाही. मासा नेहमीसारखा खातो, वाढतो आणि पाण्यात विषाणू सोडत राहतो. याला वाहक म्हणतात. मासेशेतीत सगळ्यात जास्त फसगत याच तिसऱ्या प्रकारात होते. शेतकरी ज्याला काटक समजतो तोच मासा शेजारच्या पिंजऱ्याला रोग देणारा ठरू शकतो.

जिताड्याच्या पिल्लांचा काळ: नोडाव्हायरस

सागरी मासेशेतीत जगभर सर्वाधिक जातींना त्रास देणाऱ्या विषाणूंपैकी एक म्हणजे बीटानोडाव्हायरस. याने होणाऱ्या रोगाला व्हायरल नर्व्हस नेक्रॉसिस म्हणतात. हॅचरीत सगळे त्याला व्हीएनएन याच नावाने ओळखतात. हा विषाणू मेंदूवर आणि डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करतो. पेशी मरतात आणि मेंदूला सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्या पडलेल्या दिसतात. म्हणून रोगी पिल्लू गोल गोल गिरक्या घेतं, अंग काळपट पडतं, वाताशय फुगतो आणि ते पोट वर करून तरंगतं.

या रोगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९९० च्या सुमारास जपानमध्ये आणि ऑस्ट्रेलियात झालं. ऑस्ट्रेलियात ज्या माशात तो सापडला तो बारामुंडी, म्हणजे आपलाच जिताडा. जिताड्याच्या दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांत हा रोग शिरला तर टाकीतली जवळपास सगळी पिल्लं काही दिवसांत संपू शकतात. मासा मोठा होत जातो तशी मरतुक कमी होते, पण विषाणू अंगात राहू शकतो. पुढे तीच मादी अंडी घालते तेव्हा तो अंड्यांबरोबर पुढच्या पिढीत जातो.

भारतात चेन्नईच्या सीबा या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त जागेत प्रजनन केलं. त्यानंतर हॅचऱ्या वाढल्या आणि २००० नंतरच्या दशकात तमिळनाडूतल्या हॅचरीतील पिल्लांत व्हीएनएनची नोंद झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पिंजऱ्यांत पडणारं बरंचसं बीज पूर्व किनाऱ्यावरून येतं. त्यामुळे तिकडच्या हॅचरीतली गोष्ट इकडच्या खाडीलाही लागू पडते.

हेकरू, म्हणजे ग्रुपर, या रोगात जिताड्याइतकाच नाजूक आहे. आग्नेय आशियातल्या ग्रुपर हॅचऱ्यांना व्हीएनएनने वर्षानुवर्षं छळलं आहे. कोबियाच्या पिल्लांतही हा रोग आढळला आहे, पण पिंजऱ्यात वाढलेला मोठा कोबिया त्याने सहसा मरत नाही.

एक विषाणू, चार घराणी

बीटानोडाव्हायरसचे मुख्य चार प्रकार आहेत आणि ज्या माशात ते पहिल्यांदा सापडले त्यावरून त्यांची नावं पडली आहेत: रेड-स्पॉटेड ग्रुपर, स्ट्राइप्ड जॅक, टायगर पफर आणि बारफिन फ्लाउंडर. प्रत्येकाला मानवणारं पाणी वेगळं. ग्रुपर प्रकार २५ ते ३० अंश सेल्सिअसला जोमाने वाढतो. स्ट्राइप्ड जॅक प्रकाराला २० ते २५ अंश लागतात. बारफिन फ्लाउंडर प्रकार १५ ते २० अंशांतला आहे, म्हणून तो हॅलिबट आणि कॉडसारख्या थंड पाण्यातल्या माशांत सापडतो.

कोकण-गोव्याच्या खाडीचं पाणी वर्षातला बहुतेक काळ २५ अंशांच्या वर असतं. त्यामुळे आपल्याकडे चिंता आहे ती ग्रुपर प्रकाराची, आणि चारांपैकी सर्वाधिक जातींना लागण करणाराही तोच आहे. थोडक्यात, एखादी जात नाजूक की काटक हे केवळ तिच्या रक्तावर ठरत नाही. तिच्या अंगाला लागून असलेलं पाणी किती गरम आहे, यावरही ते ठरतं.

भूमध्य समुद्रातला धडा

जाती-जातींतला फरक किती मोठा असू शकतो आणि तो किती फसवा असू शकतो, हे पाहायचं तर भूमध्य समुद्रातली मासेशेती बघावी. ग्रीस, तुर्कस्तान, इटली, स्पेन या देशांत दोन मासे मुख्य: युरोपियन सी-बास आणि गिल्टहेड सी-ब्रीम. (हा सी-बास जिताड्याचा फक्त नावाचा भाऊ; जात वेगळी.) दोन्ही मासे बहुधा एकाच शेतावर, शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत वाढवले जातात.

उन्हाळ्यात पाणी तापलं की ग्रुपर प्रकारचा नोडाव्हायरस सी-बासला झोडपतो. आणि इथे पिल्लांबरोबर मोठे, विक्रीच्या आकाराला आलेले मासेही मरतात. शेजारच्या पिंजऱ्यातला सी-ब्रीम मात्र शांत असतो. त्याच्या मेंदूत तोच विषाणू सापडतो, पण मासा आजारी दिसत नाही. अनेक वर्षं सी-ब्रीम म्हणजे ‘व्हीएनएनला न जुमानणारा मासा’ असंच धरलं जात होतं.

मग चित्र बदललं. या विषाणूचा वारसा दोन स्वतंत्र तुकड्यांत असतो. एका तुकड्यात स्वतःच्या प्रती काढण्याचं यंत्र लिहिलेलं असतं, दुसऱ्यात बाहेरचं कवच. दोन प्रकारचे विषाणू एकाच माशात एकत्र आले तर या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. तसंच झालं. ग्रुपर प्रकाराचं यंत्र आणि स्ट्राइप्ड जॅक प्रकाराचं कवच असा मिश्र विषाणू तयार झाला आणि त्याने सी-ब्रीमच्या हॅचरीतली पिल्लं मारायला सुरुवात केली. इटलीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. हाच मिश्र विषाणू सी-बासच्या बाबतीत तुलनेने सौम्य आहे.

कवच बदललं आणि बळी बदलला. काटकपणा हा माशाला कायमचा मिळालेला दाखला नसतो. तो एका विशिष्ट विषाणूपुरता असतो, आणि विषाणू बदलला की दाखला रद्द होतो.

इरिडोव्हायरस: मोठ्या माशांवरचं संकट

नोडाव्हायरस मुख्यतः पिल्लांचा, तर इरिडोव्हायरस वाढलेल्या माशांनाही सोडत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा तोटा मोठा, कारण तोपर्यंत खाद्याचा बहुतेक खर्च झालेला असतो.

या गटातला प्रमुख विषाणू म्हणजे रेड सी-ब्रीम इरिडोव्हायरस. १९९० च्या उन्हाळ्यात जपानच्या शिकोकू बेटावर तो पहिल्यांदा दिसला. मासे सुस्तावतात, कल्ले फिके पडतात, प्लीहा सुजते. नाव एका माशाचं असलं तरी जपानमध्ये तीसहून अधिक शेतीतल्या जातींत हा विषाणू आढळला आहे. त्यात अंबरजॅक आहे, ग्रुपर आहे, जिताडाही आहे. रोगाचा जोर पाणी २५ अंशांवर गेलं की वाढतो.

पण तीसही जाती सारख्या मरत नाहीत. जपानमध्ये यावर लस निघाली आणि रेड सी-ब्रीम, अंबरजॅक यांना तिचा चांगला उपयोग झाला. ऑप्लेग्नॅथस वंशातल्या माशांना, ज्यांना पॅरटफिश किंवा रॉक ब्रीम म्हणतात, त्यांना मात्र त्याच लसीने वाचवणं अवघड गेलं. म्हणजे जातींमधला फरक रोगापुरता नसतो, लसीला मिळणाऱ्या प्रतिसादातही असतो. एका माशावर चाललेली लस दुसऱ्यावर चालेलच असं गृहीत धरता येत नाही.

आपल्यासाठी याची बातमी २०२० मध्ये आली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खाडीतल्या उघड्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या जिताड्यात या विषाणूचा प्रकोप झाल्याची पहिली शास्त्रीय नोंद त्या वर्षी प्रसिद्ध झाली. म्हणजे हा रोग आता जपानचा किंवा मलेशियाचा राहिलेला नाही.

जिताड्याच्या मागे आणखी एक रोग आहे, खवले गळण्याचा. मलेशियातल्या पेनांगमध्ये १९९२ साली तो पहिल्यांदा दिसला, पुढे सिंगापूरमध्ये त्याचे प्रकोप झाले आणि २०१२ मध्ये त्यामागचा विषाणू ओळखला गेला. तोही इरिडोव्हायरसच्याच कुटुंबातला आहे, पण त्याची झळ प्रामुख्याने जिताड्यालाच बसली आहे.

याच कुटुंबात एक सौम्य रोगही आहे: लिम्फोसिस्टिस. गिल्टहेड सी-ब्रीमच्या अंगावर, परांवर चामखिळीसारखे दाणे येतात. मासा सहसा मरत नाही, काही आठवड्यांत बराही होतो. पण तोवर त्याला कोणी विकत घेत नाही.

थंड पाण्यातली तीच कथा: सॅल्मन

जातीचा फरक एका देशाचा अख्खा धंदा कसा हलवू शकतो, याचं उदाहरण चिली देशात आहे. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण त्याचा खऱ्या सॅल्मनशी संबंध नाही.)

इन्फेक्शस सॅल्मन अ‍ॅनिमिया हा रोग १९८४ मध्ये नॉर्वेत पहिल्यांदा दिसला. त्याचा विषाणू माणसाच्या इन्फ्लुएंझाचा लांबचा नातेवाईक आहे. तो अटलांटिक सॅल्मनला मारतो. रेनबो ट्राउट आणि समुद्रात जाणारा ब्राउन ट्राउट यांना लागण होते, पण ते सहसा आजारी पडत नाहीत, फक्त वाहून नेतात. प्रशांत महासागरातले कोहो आणि चिनूक सॅल्मन याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

चिलीत २००७ मध्ये हा रोग भडकला तेव्हा तिथली शेती मुख्यतः अटलांटिक सॅल्मनवर उभी होती आणि पिंजरे दाटीवाटीने होते. २००८ च्या सुमारास चार लाख टनांच्या घरात असलेलं अटलांटिक सॅल्मनचं उत्पादन २०१० मध्ये सव्वा लाख टनांपर्यंत खाली आलं. हजारोंचा रोजगार गेला. त्या काळात तिथल्या धंद्याला आधार दिला तो कोहो आणि ट्राउट या दोन माशांनी.

उलट बाजूही पाहायला हवी. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे प्रशांत महासागरात, अटलांटिक सॅल्मन हा पाहुणा आहे. तिथल्या सॉकाय सॅल्मनमध्ये आयएचएन नावाचा विषाणू मुळातच वावरतो. पिंजऱ्यात आणलेल्या अटलांटिक सॅल्मनची त्याच्याशी कधी ओळखच नव्हती. परिणामी १९९० च्या दशकात, पुन्हा २००१ ते २००३ मध्ये आणि २०१२ मध्ये तिथल्या शेतांवर मोठे प्रकोप झाले. परक्या पाण्यात नेलेला मासा तिथल्या विषाणूपुढे बहुधा उघडा पडतो.

फरक पडतो कशामुळे?

पहिलं कारण पेशीच्या दाराचं. विषाणूला पेशीत शिरायला तिच्या पृष्ठभागावर योग्य रेणू मिळावा लागतो. विषाणूचं कवच म्हणजे किल्ली धरली, तर प्रत्येक जातीचं कुलूप थोडं वेगळं असतं. नोडाव्हायरसच्या बाबतीत कोणता मासा बळी पडणार हे बरंचसं कवचाच्या तुकड्यावर ठरतं, हे प्रयोगांतून दिसलं आहे.

दुसरं कारण तापमान, ते वर आलंच आहे.

तिसरं वय. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाकडे विषाणू ओळखून लक्षात ठेवणारी प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. म्हणूनच इतक्या लहान पिल्लाला लस देऊनही उपयोग होत नाही.

चौथं कारण एकाच जातीतला आनुवंशिक फरक. आयपीएन या रोगाने नॉर्वे आणि स्कॉटलंडमधले सॅल्मन उत्पादक हैराण होते. २००८-०९ च्या सुमारास संशोधकांच्या लक्षात आलं की एखादा सॅल्मन या रोगात जगेल की मरेल, हे मोठ्या प्रमाणात त्याच्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेवर ठरतं. पुढे तो जनुक पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा निघाला. मग ज्या नर-माद्यांत चांगलं रूप आहे त्यांचीच अंडी विकली जाऊ लागली आणि रोगाचे प्रकोप झपाट्याने घटले. युरोपियन सी-बासमध्येही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची जंगली घराणी व्हीएनएनला पश्चिमेकडच्यांपेक्षा जास्त तोंड देतात असं दिसलं आहे. तिथे मात्र एकच जनुक सगळं ठरवत नाही, म्हणून निवड पद्धतीने पैदास करायला जास्त पिढ्या लागतात.

खाडीत पिंजरा टाकणाऱ्याने काय पाहावं?

हॅचरीच्या टाकीतलं पाणी निर्जंतुक करता येतं, अंडी ओझोनच्या पाण्यात धुता येतात. खाडीतल्या पिंजऱ्याला मात्र भिंत नसते, जाळं असतं. भरती-ओहोटीचं पाणी सगळ्यांचं एकच. त्यामुळे पुढच्या गोष्टी आधीच पाहून घेतलेल्या बऱ्या.

– बीज घेताना तपासणीचा अहवाल मागा. नोडाव्हायरससाठी आरटी-पीसीआर ही तीच चाचणी आहे, जी कोविडमध्ये घरोघरी माहीत झाली. इरिडोव्हायरससाठी पीसीआर. पिल्लांबरोबर अंडी देणाऱ्या माशांचीही तपासणी झाली आहे का, हे विचारा.

– बोटुकली थोड्या मोठ्या आकाराची घ्या. व्हीएनएनचा सगळ्यात धोक्याचा काळ तिने हॅचरीतच पार केलेला असतो. मात्र मोठी बोटुकली वाहक असू शकते, म्हणून अहवाल हवाच.

– वेगवेगळ्या जाती आणि वेगवेगळ्या वयाचे मासे एकमेकांना खेटून ठेवू नका. शांत दिसणारी जात नाजूक जातीला रोग देऊ शकते. जुन्या माशांचा पिंजरा आणि नव्या पिल्लांचा पिंजरा यांत अंतर ठेवा.

– तारलीसारखी कच्ची मासळी खाद्य म्हणून देताना सावध राहा. नोडाव्हायरस फार चिवट आहे, बर्फात गोठवल्याने तो मरत नाही. जंगली माशांतून तो खाद्यावाटे पिंजऱ्यात येऊ शकतो.

– मेलेले मासे रोजच्या रोज काढा आणि किनाऱ्यावर पुरा. खाडीत टाकू नका.

– पाणी तापण्याच्या दिवसांत मासे हाताळणं, एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात हलवणं, दाटी करणं टाळा. ताणाखालच्या माशात दबलेला विषाणू डोकं वर काढतो.

– अचानक मरतुक झाली तर लपवू नका. जलचरांच्या रोगांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था त्याचं समन्वयन करते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयामार्फत नमुने तपासणीला पाठवता येतात.

लसीच्या बाबतीत आशेला जागा आहे. युरोपात सी-बाससाठी टोचून देण्याच्या व्हीएनएन लसी बाजारात आहेत. भारतात सीबाने जिताड्यासाठी नोडाव्हॅक-आर ही लस विकसित केली आहे आणि ती व्यावसायिक पातळीवर नेण्यासाठी हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने संस्थेशी हातमिळवणी केली आहे. पण लस एका विषाणूवर असते. व्हीएनएनची लस दिलेल्या जिताड्याला इरिडोव्हायरसपासून काहीच संरक्षण मिळत नाही.

खाणाऱ्याला धोका आहे का?

नाही. नोडाव्हायरस, इरिडोव्हायरस, सॅल्मनचे हे विषाणू माशांचे आहेत. ते माणसाला लागत नाहीत. मालवण, मडगाव किंवा कारवारहून बेळगावच्या बाजारात आलेला पिंजऱ्यातला जिताडा खायला या कारणाने घाबरायचं कारण नाही. मासा ताजा आहे का, एवढं नेहमीसारखं पाहावं.

तोटा होतो तो पिकवणाऱ्याचा. एका पिंजऱ्यातल्या मरतुकीत बचत गटाची वर्षाची कमाई जाऊ शकते. म्हणून ‘कोणता मासा काटक?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कोणत्या विषाणूपुढे, किती गरम पाण्यात, कोणत्या वयात आणि शेजारी कोण असताना, हे चार प्रश्न त्याला उलट विचारावेत.